स्टेशनच्या पाटीवरची उंची ड्रायव्हरसाठी नसते हो

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. म्हणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात ती ड्रायव्हरला इंजिनची पॉवर कमीजास्त करता यावी म्हणून, वरच्या तारा एका उंचीवर राहाव्यात म्हणून, समुद्र सगळीकडे सारखा असतो म्हणून, आणि एलिव्हेशन म्हणजे हीच उंची, दुसरं काही नाही. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हे पुढे ढकललं जातं याचं खरंच वाईट वाटतं.

पॉवरचं आधी. भाऊ, ड्रायव्हरला लागतो चढ, उंची नाही. दोन स्टेशनं एकाच उंचीवर असली तरी मधे नाल्याकडे उतार आणि परत चढ असू शकतो, ते पाटीवरून कसं कळणार? त्यासाठी रुळाच्या कडेला ग्रेडियंट पोस्ट, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या खुणा असतात, शिवाय नवीन सेक्शनवर गाडी चालवायच्या आधी त्याला तो रस्ता शिकावा लागतो, लर्निंग रोड म्हणतात, चढउतार सिग्नल सगळं डोक्यात बसवायचं. मुंबईहून येताना कसाऱ्याला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात ती पुढे थळ घाटात ३७ ला १ चढ (३७ मीटर गेलं की १ मीटर वर) आहे म्हणून, आणि ते आधीच ठरलेलं असतं, पाटी वाचून नाही.

तारांची उंची मोजतात रुळाच्या माथ्यापासून, साधारण साडेपाच मीटर. रूळ चढला की तारही चढते, विषय संपला.

समुद्राची सरासरी काढली तरी बंदराबंदरात फरक येतो. आपल्याकडे ९ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून उंचीचं शून्य धरलं, १९०९ चं, आणि सर्व्हेचे बेंचमार्क, म्हणजे उंची मोजून ठेवलेल्या पक्क्या खुणा, त्यावरून आले. पाटीवरचा आकडा अशाच मोजणीचा.

आणि "दुसरं काही नाही" हे तर साफ चूक. रेल्वेतच वळणावर बाहेरचा रूळ उचलतात ते सुपरएलिव्हेशन, आतल्या रुळापासून मिलिमीटरमध्ये. बंगल्याचं एलिव्हेशन म्हणजे दर्शनी बाजूचं ड्रॉइंग. ईसीजीत एसटी एलिव्हेशन म्हणजे रेघेचा एसटी नावाचा भाग बेसलाइनच्या, म्हणजे मूळ रेषेच्या, वर गेलेला, हार्ट अटॅकची खूण असू शकते, तेव्हा वाट बघत बसायचं नसतं.

मला जास्त काळजी वाटते ती आपल्या तापीवरच्या हतनूर धरणाच्या आकड्याची. पावसाळ्यात "पातळी २१२ मीटर" आलं की लोकं समजतात एवढं खोल पाणी आणि घाबरतात. तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे, धरण भरतं २१४ ला, म्हणजे अजून २ मीटर बाकी. तापीकाठच्यांनी बघायचं ते ४१ पैकी किती दरवाजे उघडलेत आणि विसर्ग किती क्युसेक.