पोवळ्याची दृष्ट

जानेवारीत न्यू जर्सीत बाहेर उणे सात असतं तेव्हा आमच्या घरात दोन तापमानं चालू असतात. माणसांना २०, पोवळ्यांना २५. "मग मीही टाकीत पाय सोडून बसतो," असं नवरा एकदा म्हणाला, तर मी त्याला पायाला कुठलं क्रीम लावलंयस ते विचारलं. तेव्हापासून तो टाकीला 'तुझं माहेर' म्हणतो.

माहेर म्हणजे ४० गॅलनची, साधारण दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. दोन क्लाउनफिश, एक कोळंबी (पाळलेली, हे आईला तीनदा सांगावं लागलं), बटणांसारखी दिसणारी थोडी झोआ नावाची मऊ पोवळी, आणि दगडाच्या डाव्या खांद्यावर, मानाच्या जागी, टॉर्च. हेही पोवळंच. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं वेगळं, ते समुद्रातल्या अंधाऱ्या कपारीत वाढतं. आमचं उजेडावर जगतं. चुनखडी देठावर मऊ, लांब बोटांचा झुबका आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला सोनेरी मणी. भारतात दगडी पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे हा छंद मला इथे आल्यावर जडला. तिथेच राहिले असते तर सुखात असते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टॉर्च उघडेना. आदल्या रात्री वीतभर डुलणारी बोटं सकाळी करंगळीच्या पेराएवढी. चार दिवसांनी मांस इतकं आक्रसलं की खालच्या हाडाच्या धारदार पाकळ्या दिसायला लागल्या. जवळून पाहिलं तर सोललेल्या शिराळ्यासारखं दिसत होतं. मी ऑफिसात लोकांचे सर्व्हर बसले की उठवते. म्हटलं, हे काय, एकेक कारण वगळत जायचं.

पहिलं कारण, पाणी. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मोजायची तर छोट्या बाटलीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत हलवायचं, रंग पालटेपर्यंत. सोपं आहे, फक्त थेंब मोजताना कुणी बोलता कामा नये. अकराव्या थेंबाला नवरा म्हणाला, "अगं, पावणेसात झाले का?" मी पुढचा थेंब सात म्हणून मोजला. दुसऱ्यांदा केली तेव्हा ८.५ आली, म्हणजे छान. कॅल्शियम ४२०. मॅग्नेशियम १३००. खारेपणा ३५, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग मीठ, अगदी समुद्राइतका. कागदावर माझं पोवळं ठणठणीत होतं.

राहिलं नायट्रेट, माशांच्या घाणीतून पाण्यात साचतं ते. तिथे पाणी गुलाबी होतं आणि तो गुलाबी कार्डावरच्या कुठल्या गुलाबीशी जुळतो ते बघायचं. एप्रिलात आई सहा महिन्यांसाठी आली तेव्हा मी आणि नवरा खिडकीशी उभे राहून याच मुद्द्यावर वाद घालत होतो. मला ५ दिसत होतं, त्याला २५. आईने बाटली हातात घेतली, उजेडात धरली. "हा गुलाबी कुठे? ही तर फिकी अबोली. राणी तो तिसरा. तुमचा या दोघांच्या मधला, त्यात सुद्धा अबोलीकडे." मी १० लिहिलं. डोंबिवलीतल्या साड्यांच्या दुकानांत गेलेल्या माझ्या बालपणीच्या दुपारी अखेर कामी आल्या. १० म्हणजे काही वाईट नाही.

मग सल्ले. दुकानातला मुलगा म्हणाला, उजेड जास्त होतोय, खाली ठेव. खाली ठेवलं. ज्याच्या तळघरात ३०० गॅलनची टाकी आहे असा एक ओळखीचा म्हणाला, खाली प्रवाह पोचत नाही, वर ठेव. वर ठेवलं. त्याची बायको म्हणाली, सारखं हलवू नका हो त्याला. तिघांचंही बरोबर होतं, ही या छंदातली खरी पंचाईत. पोवळ्याची एकच तक्रार असते, मिटून घेणं. उजेड जास्त झाला तरी मिटतं, कमी झाला तरी मिटतं, उपाशी असलं तरी आणि मासा अंगाला घासला तरी. आमच्या घराण्यात अशा दोन आत्या होत्या.

घासणारा मासाही तपासला. क्लाउनफिशची मादी टॉर्चच्या बोटांत रात्रभर लोळत असते. (हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात, घरातला सगळ्यात दांडगा पुढे मादी होतो. हे ऐकून आई म्हणाली, "बरंच की.") तिला जाळीपलीकडे टाकलं. काही फरक नाही. आयोडीनच्या पाण्यात टॉर्च बुडवून खाली चपटे किडे पडतात का ते भिंगाने पाहिलं. पडले फक्त वाळूचे दोन खडे. रात्री कुणी खेकडा येऊन कुरतडतो का, म्हणून लाल उजेडाचा दिवा कपाळाला बांधून रात्री दोन वाजता टाकीसमोर मांडी घालून बसले. माशांना लाल उजेड फारसा कळत नाही. आईला कळतो.

ती पाणी प्यायला उठली होती. अंधारात जमिनीवर बसलेली मुलगी, कपाळावर लाल डोळा. तिने काही विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली. डबे वाजले. परत आली तेव्हा मुठीत मीठ-मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या.

"आई, मला काही झालेलं नाही."

"तुला कोण बघतंय? त्याची काढते. सारखे लोक येऊन बघतात, 'किती सुंदर, किती सुंदर' करतात. दृष्ट लागायला आणखी काय हवं?"

मूठ टाकीवर नेली आणि थांबली. झाकणाच्या कडेला, पंपाच्या वायरवर, काचेच्या वरच्या पट्टीवर पांढरे कोंब फुटले होते. पाणी उडतं तिथे मीठ साचतंच. तिने नखाने एक खपली काढली, बोटात चुरली.

आईचं माहेर शिरोड्याचं. मिठाच्या सत्याग्रहामुळे ज्याचं नाव पुस्तकात येतं तेच. आजोबा मिठागरात कामाला होते. मिठाच्या बाबतीत ती आमच्यासारख्यांकडे करुणेने बघते.

"गो बाय, मीठ जास्त झालाहा." ती मालवणीत बोलायला लागली की प्रकरण गंभीर असतं.

मी समजावलं. पस्तीस आहे. यंत्राने मोजते. समुद्रात असतं तेवढंच. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिने करंगळी टाकीत बुडवून जिभेला लावली. मी किंचाळले. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, ते पाणी कुणी चाखू नये. नवरा उठून आला. आईने शांतपणे चूळ भरली.

"आमच्या शिरोड्याच्या दर्यापेक्षा खारट," ती म्हणाली. मुठीतली मीठ-मोहरी घेऊन परत गेली. मीठ डब्यात टाकल्याचा आवाज आला. मोहरी निवडून वेगळी केली असावी.

सांगायला हवं की तिचा खपलीवरचा तर्क चूक होता. पाणी ३५ असतं तरी खपली धरलीच असती. पण रात्रभर झोप लागली नाही. सकाळी बाटलीत पाणी घेऊन दुकानात गेले. त्यांच्या मीटरवर ४१ आले. मुलाने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या मीटरवर लावलं. ४१.

मी खारेपणा मोजते तो रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे छोट्या दुर्बिणीसारखी नळी. काचेवर थेंब ठेवायचा, डोळा लावायचा, निळं संपून पांढरं सुरू होतं ती रेषा वाचायची. फेब्रुवारीत तो ओट्यावरून पडला होता. पडल्यावर मी फिल्टरच्या शुद्ध पाण्याचा थेंब ठेवून पाहिला, बरोबर शून्य आलं आणि मी निर्धास्त झाले. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र पस्तिसावर सहा पावलं चुकू शकतं. म्हणून ३५ खारेपणाचं प्रमाणित द्रावण मिळतं आणि त्याने तपासायचं असतं. ते द्रावण माझ्याकडे होतं. कपाटात. सीलबंद. तेव्हापासून दर रविवारी पाणी बदलताना मी त्याच चुकीच्या नळीने मोजून बादलीत मीठ कालवत होते, म्हणजे दर आठवड्याला मूठ-मूठ जास्त. काकडीला मीठ लावून ठेवलं की जे होतं ते टॉर्चचं होत होतं.

खारेपणा एकदम उतरवायचा नाही, दिवसाला एक अंश. रोज एक गॅलन खारं पाणी काढायचं, एक गॅलन गोडं घालायचं. माझ्याकडच्या दोन्ही बादल्या पांढऱ्या आणि सारख्या, म्हणून आईने त्यांच्यावर चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलं, 'गोडं' आणि 'खारं'. नवऱ्याने पहिलं वाचून विचारलं, "यात साखर आहे?"

तिसऱ्या दिवशी हाडाच्या पाकळ्या झाकल्या. सहाव्या दिवशी अर्ध्या बोटांना मणी आले. दहाव्या दिवशी जाळी काढली, मादी सरळ टॉर्चमध्ये घुसली आणि तिथेच पसरली. आईने खुर्ची टाकीसमोर ओढली आणि एक शब्द बोलली नाही. 'सुंदर' तर नाहीच.

त्या रात्री जेवताना नवरा चमचा खाली ठेवून म्हणाला, "आई, आमटीत मीठ जरा..."

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठली, फळीवरचा रिफ्रॅक्टोमीटर आणला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला.

मी काचेवर आमटीचा थेंब ठेवला, झाकण लावलं, दिव्याकडे तोंड करून डोळा लावला. रेषा कुठेच नव्हती. सगळं पिवळं.