एकोणीस की तीस?

मला बत्तीस पट्ट्या हव्या होत्या. नऊ-नऊ इंचाच्या, सगळ्या सारख्या. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या गणपतीला पुठ्ठ्याचं मखर असतं आणि गौरी येईपर्यंत ते एका बाजूला मान टाकतं. यंदा लाकडाचं करणार, घडीचं, असं मी आषाढातच सगळ्यांना सांगून बसले. सांगून बसणं हा माझा जुना आजार आहे.

आमचा कारखाना म्हणजे ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीनच्या डोक्यावर १८ मिलिमीटरचं प्लाय टाकून मी टेबल केलंय. मशीन पिळायला लागलं की टेबल थरथरतं, त्यामुळे करवत हातात घ्यायच्या आधी धुण्याचं वेळापत्रक बघावं लागतं. त्या दिवशी मशीन बंद होतं, तरी पहिल्या चार पट्ट्या चार लांबीच्या निघाल्या. एक सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी, एक दोन सूत जास्त, आणि चौथी तर एका कडेने नऊ इंच, दुसऱ्या कडेने तिला वाटेल तेवढी. कारण एकच. कापताना फळी हलते. हलत्या फळीवर उपाय शोधत रात्री मोबाइल घेऊन बसले आणि टी-ट्रॅकशी ओळख झाली.

टी-ट्रॅक म्हणजे ॲल्युमिनियमची पट्टी. तिला मधोमध खाच, आणि ती खाच आतून उलट्या इंग्रजी टी अक्षरासारखी. बोल्टचं डोकं आत राहतं, मान तेवढी वर येते. वरून चाकी आवळली की डोकं खाचेच्या ओठांना खालून घट्ट धरतं, आणि क्लॅम्प किंवा अडसराचा ठोकळा जिथे हवा तिथे बसतो. चाकी सैल केली की निमूट सरकतो. इतकं ऐकणारं आमच्या घरात दुसरं कोणी नाही. मी त्याच रात्री प्रेमात पडले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बोहरी आळी, म्हणजे पुण्यातला हार्डवेअरचा बाजार, गाठला.

"टी-ट्रॅक आहे?"

"थ्री ट्रॅक? खिडकी केवढी आहे मॅडम?"

"खिडकी नाही हो. टी. टी-ट्रॅक."

"जाळी लावणार ना? मग थ्रीच लागतो. टूमध्ये जाळी बसत नाही."

पुढच्या दुकानात मला पडद्याचा ट्रॅक दाखवला, पांढऱ्या आणि सोनेरी अशा दोन रंगांत. त्याच्या पुढच्या दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय प्रेमळपणे म्हणाला, "ताई, साहेबांना पाठवा." आमच्या साहेबांना स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे वर्षातून एकदा, आकाशकंदील लावताना आठवतं, तेही दोन्ही बाजूंना फिरवून झाल्यावर. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझा मोबाइल हातभर लांब धरून फोटो बघितला. "ओळखतो मी ह्याला," ते म्हणाले. "पण ठेवत नाही. सुतार मागत नाही ना." आणि मी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सहा एमएमचे डझनभर बोल्ट बांधून दिले.

म्हणजे आता बोल्ट होते. ट्रॅक नव्हता. घोड्याआधी नाल, ही आमच्या घराण्याची रीतच आहे.

मग ऑनलाइन. तिथे टी-ट्रॅक एक नव्हता, अख्खी बिरादरी होती. एकोणीसचा, तीसचा, पंचेचाळीसचा. निळा, लाल, काळा, चंदेरी. वर मापाची पट्टी असलेला आणि नसलेला. मी तीन रात्री अभ्यास केला. सीएचा अभ्यास सोडला तर आयुष्यात एवढ्या वह्या भरल्या नव्हत्या, आणि सीएही मी सोडलंच होतं. शेवटी सगळ्यांनी केलेली चूक मीही केली. जास्त रुंद म्हणजे जास्त मजबूत, असं धरून ३० मिलिमीटरचा, मीटरभर लांब, लाल रंगाचा ट्रॅक मागवला. पंधराशे रुपये. घरी सांगितले सातशे.

ट्रॅक आला. दिसायला इतका देखणा की सासूबाईंनीही हात फिरवून बघितला. मी बोल्ट आत घातला. बोल्ट वर आला. परत घातला, परत वर आला. ह्या तीसच्या ट्रॅकचं तोंड १९ मिलिमीटर रुंद होतं, आणि माझ्या बोल्टचं डोकं दहाचं. विहिरीत बादली सोडावी आणि काढावी, तसा मी तो पाच मिनिटं आत-बाहेर केला. मग कळलं की हा ट्रॅक बोल्टचा नव्हेच, सरकपट्टीचा. टेबल सॉला, म्हणजे टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीला, पाऊण इंच रुंद सरकपट्टी असते, तिच्यासाठी हे तोंड. बोल्ट वापरायचा तर आत बसणारी वेगळी नटपट्टी घ्या. माझ्याकडे टेबल सॉ नाही. टेबल सॉ आणायचा तर वॉशिंग मशीन विकावं लागेल.

मग १९चा मागवला. बाराशे. घरी सांगितले सहाशे. ह्यात बोल्ट शहाण्यासारखा बसला. पण मी हौसेने एक तयार क्लॅम्पही मागवला होता, त्याचा मूठवाला नट निघाला पाव इंची. सहा एमएमच्या बोल्टवर त्याने एक आटा घेतला आणि गप्प बसला. नटाचे आटे इंचाला वीस, बोल्टचे मिलिमीटरला एक. दोघांचं जमणार नव्हतंच, मी उगाच पक्कड घेऊन मध्यस्थी केली. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ला. त्यानंतरही प्लायचा तक्ता आठ बाय चार फुटांचा, जाडी मिलिमीटरमध्ये, भाव चौरस फुटाला, स्क्रू पाऊण इंची आणि ड्रिलचं बिट एमएमचं. ह्या सगळ्यांना एका टेबलावर बसवायचं म्हणजे मुंजीत दोन्हीकडच्या आत्यांना एका पंगतीला बसवण्यासारखं आहे.

(जाता जाता सांगते, एकोणीसचा अख्खा ट्रॅक तीसच्या तोंडात बरोबर मावतो. डब्यात डबा. उपयोग शून्य, पण बघायला फार बरं वाटतं.)

ट्रॅकसाठी प्लायमध्ये खोबण पाडायला शेजारच्या इमारतीतल्या मुलाचा राउटर आणला. वायफायचा नव्हे, लाकूड कोरायचा. साडेनऊ मिलिमीटर खोल. ट्रॅक टेबलाच्या पातळीत हवा. केसभर वर राहिला तर फळी अडते. हे एक काम मात्र सुरेख झालं. बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळू नये. त्या आनंदात ट्रॅक पाऊण इंची स्क्रूंनी आवळला. अठरातून साडेनऊ गेले, खाली साडेआठ मिलिमीटर लाकूड उरलं, आणि स्क्रू १९ मिलिमीटरचा, हे गणित मला संध्याकाळी कळलं. सासूबाई मशीनमधून कपडे काढायला वाकल्या आणि उठताना त्यांचा पदर वरच राहिला.

"अगं," त्या टेबलाखालूनच म्हणाल्या, "तुझ्या टेबलाला दात आलेत."

एव्हाना श्रावण अर्धा संपला होता. पट्ट्या चारच, त्याही वेगवेगळ्या. निमूट मिस्त्रीकाकांना फोन केला.

काका आले. टेबलाभोवती, म्हणजे जितकं फिरता येतं तितकं, फिरले. "कितीचा आहे हा?"

"एकोणीस बाय साडेनऊ एमएम."

"म्हणजे सहा सूत बाय तीन सूत. सरळ सांगा की."

मग त्यांनी फळी जमिनीवर घेतली. खाली एक पाट घातला, पाटात एक खिळा ठोकला, खिळ्यापासून नऊ इंचांवर पेन्सिलने रेघ मारली. फळीचं टोक खिळ्याला टेकवलं, डाव्या पायाचा अंगठा फळीवर दाबला आणि करवत चालवली. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. रुंद, चपटा, नखाच्या कडेला जुन्या फेविकोलचा पापुद्रा. फळी तसूभर हलत नव्हती. सत्तावीसशे रुपये, दोन ट्रॅक, तीन रात्री आणि एक पदर खर्चून मी जे विकत घ्यायला निघाले होते, ते काका चपलेत घालून हिंडतात.

पाऊण तासात बत्तीस पट्ट्या झाल्या. माझ्या चार त्यांनी बघितल्या आणि काही न बोलता पाचरींसाठी बाजूला ठेवल्या.

चहा घेताना मात्र त्यांची नजर ट्रॅककडे जात होती. उठून त्यांनी बोल्ट सरकवला, ठोकळा लावला, चाकी आवळली, ठोकळ्याला हाताने हिसका दिला. परत सैल केला, परत सरकवला. चार-पाच वेळा.

"चीज चांगली आहे," ते म्हणाले. "आता वाकायला त्रास होतो ताई, गुडघे बोलतात. उभ्याने काम करायला बरी. कितीला पडली?"

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"सहाशेला," मी म्हणाले.

"मीटर? स्वस्त आहे की!" काकांनी खिशातून बाराशे रुपये काढले, मोजले आणि मशीनवर ठेवले. "मला दोन मागवा."

मी त्या नोटांकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. त्या कौतुकाने मान डोलावत होत्या.

"कुठला मागवू? एकोणीसचा की तीसचा?"

"आता तुमचा एवढा अभ्यास झालाय, तुम्हीच ठरवा," काका चपला घालत म्हणाले. "अन् ताई, बोल्ट त्यातच येतात ना?"