परीघ मला काढता येतो

नमस्कार.

एमजीए १६०० या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवरच्या माझ्या 'एमजीए १६०० : चौथा गिअर आणि ऐंशीचा वेग' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. मधे झोप झाली ते बरंच झालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चौथ्या गिअरमध्ये १००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला हजार फेरे) ताशी २७ किलोमीटर हा माझा आकडा चुकीचा, तो २८.३ हवा. ऐंशीला इंजिन साधारण ३००० वर फिरतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगून मी लोकांच्या इंजिनांची वाट लावतोय. शिवाय मागच्या ॲक्सलमधलं मूळचं ४.३ चं क्राउन-पिनियन, म्हणजे चौथ्यात इंजिनाच्या ४.३ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा करणारी दातचक्रं, काढून एमजीबी या नंतरच्या मॉडेलचं ३.९ चं घालायला हवं. आणि शेवटी हे वाक्य : "ज्यांना टायरचा परीघ काढता येत नाही त्यांनी गिअरिंगवर लिहू नये."

या शेवटच्या वाक्याबद्दलच आधी बोलतो. तुम्ही मडगावचे, मी म्हार्दोळचा. उद्या कुठल्या तरी लग्नात आपण एकाच पंगतीला बसू. समोरासमोर तुम्ही मला हे म्हणाला असतात का? मला नाही वाटत. चूक दाखवायला माझी कधीच हरकत नसते. मागे एका वाचकाने कार्ब्युरेटरच्या सुईबद्दलची माझी चूक दाखवली तेव्हा मी त्याच दिवशी लेख दुरुस्त केला. पण त्यांनी चूक दाखवली होती, लायकी काढली नव्हती.

आता परीघ. १६५ आर १५ टायरची उंची कागदावर ६४५ मिलिमीटर. परीघ २.०२६ मीटर. साठाने गुणलं, ४.३ ने भागलं की २८.३. गुणाकार-भागाकार तुमचा बरोबर आहे. पण हा परीघ जॅकवर लटकणाऱ्या चाकाचा आहे. गाडीचं वजन आलं की टायर खाली दबतो आणि एका फेऱ्यात कागदावरच्यापेक्षा कमी अंतर कापतो. म्हणून मी कागदावर विसंबत नाही. टायरवर आणि रस्त्यावर खडूची खूण करायची, हवा बरोबर भरायची, चालवणारा माणूस सीटवर बसवायचा, गाडी सरळ ढकलत न्यायची आणि चाकाचे दहा फेरे झाले की टेप लावायची. माझ्या गाडीचं उत्तर आलं १९ मीटर ६६ सेंटिमीटर. म्हणजे फेऱ्याला १.९६६ मीटर. तेच ६० ने गुणा, ४.३ ने भागा : २७.४. हे मी एकदा नाही, तीन वेगवेगळ्या दिवशी केलंय.

तुमच्या आकड्याने ऐंशीला इंजिन २८३० च्या आसपास फिरतं, माझ्या मापाने २९२०. फरक नव्वद फेऱ्यांचा. एमजीएच्या आरपीएम दाखवणाऱ्या मीटरवर एवढा फरक काट्याच्या जाडीतच जातो. शिवाय तो मीटर विजेवर चालत नाही, डायनॅमोच्या मागच्या टोकाला लावलेल्या केबलवर चालतो, आणि डायनॅमो फिरतो फॅन बेल्टवर. बेल्ट सैल पडून घसरला की काटा कमीच दाखवणार. हे पुस्तक वाचून सांगत नाही. फोंड्याला वडिलांचं गॅरेज होतं. ही १९६० ची गाडी, गोवामुक्तीच्या आधी मुरगाव बंदरात उतरलेली, त्यांनी १९७४ साली घेतली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. बेल्ट ताणून धरायचं काम माझं असायचं. गाडी शिकवताना मी सारखा मीटरकडे बघायला लागलो की ते म्हणायचे, "कांटो न्हय, आवाज आयक." अशा घरात वाढलेल्या माणसाला परीघ काढता येत नाही असं लिहिताना थोडी चौकशी करायला हवी होती.

एक गोष्ट मान्य करतो. लेखात मी टायरचा साईझ दिला नव्हता आणि २७.४ चे सरळ २७ केले होते. दोन्ही व्हायला नको होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

इंजिनाची वाट लागण्याबद्दल. या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क ३८०० आरपीएमला मिळतो, पूर्ण ताकद ५६०० ला. २९२० ही त्याची आरामाची जागा आहे. उलट चाळीसच्या वेगाला चौथा ठेवला की इंजिन १४६० वर येतं. पंखा आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असल्याने तेही मंदावतात, तेलाचा दाब खाली येतो, आणि त्यात तुम्ही चढावर पाय दाबता. तिसऱ्यात तेच इंजिन २००० वर मोकळं चालतं. १९८९ मध्ये एका गॅरेजवाल्याने मला तुमच्यासारखंच सांगितलं होतं : रेव्ह (इंजिनाचे फेरे) कमी, आयुष्य जास्त. वर्षभर मी फोंडा-पणजी रस्त्यावर होता होईतो चौथ्यातच चालवली, मे महिन्यातसुद्धा. बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडला जातो तिथले, बेअरिंग उघडले तेव्हा वरचा थर जाऊन आतलं तांबं दिसत होतं. त्या वेळी वडील काही बोलले नाहीत, बेअरिंग माझ्या हातात दिलं फक्त. ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यामुळे कमी रेव्हचा उपदेश मला कुणी करू नये.

३.९ चं क्राउन-पिनियन बसतं, मला माहीत आहे. ऐंशीला २६५ फेरे वाचतात आणि ओढ नऊ टक्क्यांनी घटते. ज्याला रोज हायवेने लांब जायचंय त्याने खुशाल घालावं. मी चोर्ला घाट चढतो, मी घालणार नाही. यावर वाद घालण्यात मला रस नाही.

स्पीडोमीटरबद्दल आणि माझ्या 'जुन्या काळच्या' भाषेबद्दलही तुम्ही लिहिलंय, ते सोडून देतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. गाडी बघायची असेल तर या, टेप लावून तुमच्यासमोर पुन्हा मोजून दाखवतो. फक्त ते शेवटचं वाक्य तुम्ही स्वतः मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे.