आधी मराठीत वाचलेली बातमी घ्या

इंग्रजी सुधारायला रोज इंग्रजी पेपरचं पहिलं पान डिक्शनरी घेऊन वाचा, असा सल्ला एका लेखात वाचला; तो नवशिक्यांना जड जाईल. माझ्या मते एकच विषय धरून आठवडाभर त्याच्याच बातम्या वाचाव्यात. जूनमध्ये मान्सून घ्या, किंवा रिझर्व्ह बँकेचं पतधोरण. घटना आधी मराठीत वाचलेली असली की अर्थ निम्मा हाताशी असतो. रेपो रेट, इन्फ्लेशन, ईएमआय हे शब्द रोज पुन्हा भेटतात आणि न घोकता बसतात.

ऐकण्यासाठीही हेच. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओने १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं ते याच विचाराने: साधारण १५०० शब्द, छोटी वाक्यं, संथ वाचन. बीबीसीचे 'सिक्स मिनिट इंग्लिश'चे भाग तर मोफत मिळतात.

मथळ्यांचं व्याकरण वेगळं असतं, हे मात्र मुलांना कुणीतरी सांगायलाच हवं! काल घडलेलं तिथे वर्तमानकाळात येतं, उद्याचं नुसत्या 'टू'ने, आणि 'इज', 'द' गळून जातात. आमच्याकडे मराठी माध्यमाची हुशार मुलं इथेच अडखळतात आणि आपल्याला इंग्रजी येतच नाही असं धरून बसतात. फार वाईट वाटतं. अग्रलेख पहिले काही महिने बाजूलाच ठेवावेत.