थांबवायचं बटण पोरांच्या हातात द्या

आज आमच्या जत तालुक्यातल्या एका शाळेत नव्या इंटरॅक्टिव्ह पॅनेलचं, म्हणजे वर्गातल्या मोठ्या टचस्क्रीनचं, उद्घाटन होतं. बोलावणं होतं म्हणून गेले. नारळ फुटला, फीत कापली, शाल-श्रीफळ झालं आणि पहिली-दुसरीच्या पोरांना समोर बसवून पॅनेलवर एक कविता लावली. आवाज एवढा की वरचा पत्रा थरथरत होता. पोरं एका सुरात ओरडत होती, पाहुणे मोबाइलवर शूटिंग घेत होते. आणि डाव्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून एक मुलगा नुसते ओठ हलवत होता. शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचं, त्यानं उघडलं की आपण उघडायचं. कविता संपल्यावर त्यानंही टाळ्या वाजवल्या. भाषणात एक पाहुणे म्हणाले, "आता एकही मूल मागे राहणार नाही." मी चहा न घेताच निघाले. स्वयंपाक उरकला, जेवणं झाली, तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय.

सांगली जिल्ह्यातल्या या जतच्या पूर्व भागात ज्यांनी शिक्षकाची नोकरी केलीय, त्यांना ते ओठ हलवणं लगेच ओळखू येतं. उमदी, संख या पट्ट्यात कितीतरी घरांत चुलीपाशी कन्नडच बोलतात. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, पण प्रत्येक वस्तीच्या जवळ नाहीत, आणि बऱ्याच आईबापांना पोरगं मराठीतच शिकावं असं वाटतं. तो त्यांचा हक्क आहे. पण ते सहा वर्षांचं लेकरू वर्गात येतं तेव्हा बाईंचं बोलणं त्याच्या कानावरून नुसतं जातं, आणि शेरा काय बसतो? "लक्ष नाही." पुढच्या वर्षी, "अप्रगत." त्यानंतर कुणीतरी हळू आवाजात म्हणतं, "मंद आहे."

माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, आता मोठी झालीय ती. शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत तिनं वर्गात एक शब्द काढला नव्हता. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. पालकसभेला तिची आई आली आणि मला म्हणाली, "बाई, घरात लई बोलतीया ओ, गप बस म्हणाया लागतंय." माझा त्यावर लगेच विश्वास बसला, कारण खेळाच्या तासाला मैदानावर मी तिचा आवाज ऐकला होता.

तेव्हा मी स्टोरीवीव्हरवरून एक चित्रांची गोष्ट उतरवून घेतली होती. प्रथम बुक्सची ही वेबसाइट ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर बघा. चित्रांची पुस्तकं फुकट मिळतात, मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, एकच गोष्ट दोन्ही भाषांत सापडते. पण तिची आई शाळेत गेलेली नव्हती, आणि पुस्तकातली कन्नड आणि वस्तीवरची कन्नड यांत फरक पडतो. म्हणून मी फोनचा रेकॉर्डर सुरू करून आईच्या हातात दिला, समोर चित्रं ठेवली आणि म्हटलं, लेकीला सांगताय असं सांगा. ती आधी लाजली. मग पदर सावरून बसली आणि अशी काही रंगली! चित्रातल्या शेळीला तिनं घरच्या शेळीचं नाव देऊन टाकलं. शेळी ओरडते तशी ओरडली. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या कानाला हेडफोन लावला. आधी तिला कळेचना आवाज कुठून येतोय. मग "अव्वा!" म्हणजे "आई!" म्हणून ओरडली, सगळा वर्ग वळून बघायला लागला. ऐकून झालं की पुन्हा तेच लावायची. मधेच थांबवायची, चित्र बघायची, मागे न्यायची. मग मी तीच गोष्ट माझ्या आवाजात, सावकाश, मराठीत रेकॉर्ड करून दिली. चित्रं तीच. एकदा आईचं, एकदा बाईंचं. काही दिवसांनी ती माझ्या टेबलापाशी आली आणि मराठीत म्हणाली, "बाई, शेळी आली." व्याकरणासकट पूर्ण वाक्य.

ह्यात काय होतं सांगा. एक साधा फोन, तोही माझा जुना, आणि एक हेडफोन. पण थांबवायचं बटण तिच्या हातात होतं. आजच्या त्या पॅनेलवर ते बटण कुणाच्या हातात होतं? कोपऱ्यातल्या त्या मुलाच्या हातात तर नक्कीच नव्हतं. मोठ्या पडद्यावर एकच गोष्ट, एकाच वेगानं, तीस पोरांच्या अंगावरून जाते. ज्याला येतं त्याला आणखी येतं. ज्याला येत नाही तो ओठ हलवायला शिकतो. यालाच आपण डिजिटल शाळा म्हणून फोटो अपलोड करतो. संताप येतो मला.

आणि प्रश्न फक्त भाषेचा नाही. ज्याच्या कानाला श्रवणयंत्र आहे त्या पोराला पत्र्याच्या खोलीत मोठ्या आवाजाचा त्रासच होतो, कारण यंत्र बाईंच्या आवाजासोबत घुमणाराही आवाज मोठा करतं. त्याला हवा असतो शांत, जवळचा आवाज, आणि बोलणाऱ्याचं तोंड दिसायला हवं. जिची नजर अधू आहे तिला पॅनेलवर खिडकीचा उजेड पडला की काही दिसत नाही. तिच्या हातात बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ द्या, दोन बोटांनी अक्षर हवं तेवढं मोठं करून ती वाचते. अजिबात न दिसणाऱ्याला पडद्यावरचं वाचून दाखवणारं फोनमधलं टॉकबॅक शिकवा, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते असतं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, शिक्षण हक्क कायदा २००९ चा. शिक्षण हक्काच्या कायद्यात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असंही लिहिलंय. कायद्यानं त्याचं काम केलंय, आम्ही फिती कापतोय.

रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरण आजच्या भाषणातही आलं. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड, सगळं आलं. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत, गुरुजींच्या शाळेत, ती पोरं घरात कन्नड बोलत होती, पुस्तक त्यांच्या भाषेत नव्हतं, आणि गुरुजींनी ते त्यांच्या भाषेत नेलं, हे कुणी बोललं नाही. हे जतमध्ये बोलायचं नाही तर कुठे बोलायचं?

आता म्हणाल, पोरांच्या हातात मोबाइल कशाला, आधीच वेड लागलंय. मान्य, वेड लागलंयच. आपल्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, आणि ते फार चांगलं केलं. पण घरात तासन्‌तास रील बघणं आणि वर्गात आईच्या आवाजातली चार मिनिटांची गोष्ट ऐकणं, दोन्ही एकाच मापानं मोजू नका. तसंच, पॅनेल अगदीच निरुपयोगी नाही, हेही लिहिते. सूर्यमाला दाखवायला, नकाशा दाखवायला उत्तम. पण त्याला लाखाच्या घरात पैसे लोकवर्गणीतून उभे राहतात आणि चार हेडफोन मागितले की "बघू" म्हणतात, तेव्हा जीव तुटतो.

एक मात्र खरं, दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळत, सरकारी माहितीच्या ऑनलाइन लिंका भरत, पोषण आहाराचा हिशेब ठेवत हे करणं सोपं नाही. मला ठाऊक आहे, मीही तेच करते. पण एका पोराची सुरुवात एका रेकॉर्डिंगनं होते. पालकसभेला आई आली की फोन समोर धरायचा, पाच मिनिटं लागतात. आज्जी असेल तर आणखी चांगलं, आज्ज्या थांबतच नाहीत. लमाणी बोलणारी असो, वडारी बोलणारी असो, ऊसतोडीला आलेल्या टोळीतली असो, तिला गोष्ट येतेच.

त्या मुलीच्या आईला मी नंतर विचारलं, आणखी एक गोष्ट सांगाल का? ती म्हणाली, "सांगते की, पण ह्या बारीला शेजारणीलाबी आणते, तिचं पोरगंबी बोलत न्हाई." दोघी येऊन बसल्या. शेजारणीनं सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट अजून माझ्या फोनमध्ये आहे.

उद्या मी त्या शाळेच्या बाईंना फोन करणार आहे. त्या मुलाच्या घरी कोणती भाषा बोलतात ते विचारणार आहे. भांडायला नाही, त्या बाई मनानं चांगल्या आहेत आणि आज त्यांनाही कुणी बोलू दिलं नाही.

आणि पुण्या-मुंबईत असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, कपाटात जुने फोन पडून असतील तर मला मेसेज करा. काचेला तडा गेलेला चालेल, सिमकार्ड नको, कॅमेरा बंद असला तरी चालेल. आवाज धड हवा, रेकॉर्डिंग व्हायला हवं आणि सोबत चार्जर द्या, कारण इकडे तोच मिळत नाही.