लाल नकाशा आणि आईचे बांगडे

ऑगस्टचा पहिला आठवडा. मासेमारीबंदी संपून नौका नुकत्याच समुद्रात गेलेल्या, आणि डोंबिवलीहून आईचा फोन. "आज मावशीला दारातूनच परत पाठवलं गं. बांगडे छान होते, पण नाही घेतले. ते उपग्रहाचं वाचलंस ना?"

ही मावशी वीसेक वर्षं पाटी डोक्यावर घेऊन आमचे तीन जिने चढते आहे. तिला एका फॉरवर्डने परत पाठवलं.

तो फॉरवर्ड मी आधीच पाहिला होता, एकदा नाही तीनदा, आणि 'कोण वाद घालणार' म्हणून सोडून दिला होता. काही वर्षं पोटापाण्यासाठी हेच नकाशे बनवलेल्या बाईने तो सोडून द्यायला नको होता. तर मेसेज थोडक्यात असा : नासाच्या उपग्रहाने जुलैत अरबी समुद्राचा फोटो काढला. त्यातला लाल भाग विषारी झाला आहे. रात्री किनाऱ्यावर पाणी निळं चमकतं ते तारापूरच्या अणुभट्टीमुळे. उपग्रहाला पाण्यातले मासे दिसतात, सरकार ती माहिती बड्या ट्रॉलरवाल्यांना विकतं. दिवाळीपर्यंत मासे खाऊ नका, पुढे पाठवा. सोबत एक नकाशा, किनाऱ्याला लागून लालभडक.

आधी त्या लालबद्दल, कारण सगळा खेळ त्या एका रंगाचा आहे.

नकाशाखालची रंगांची पट्टी कापलेली आहे. मुद्दाम की नकळत, देव जाणे. पण नखाएवढा एक तुकडा राहून गेलाय आणि त्यात एककाची अर्धी अक्षरं दिसतात : घनमीटरला मिलिग्रॅम. हे विष मोजायचं नाही, हरितद्रव्य मोजायचं माप आहे. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये, म्हणजे प्लवकांमध्ये, झाडाच्या पानात असतं तेच हरितद्रव्य असतं. ते निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा फारसा शोषत नाही. त्यामुळे प्लवक वाढले की पाणी निळ्याकडून हिरव्याकडे झुकतं. उपग्रहावरचा संवेदक समुद्रावरून परत येणारा सूर्यप्रकाश वेगवेगळ्या रंगांत मोजतो, आणि निळ्या-हिरव्याच्या प्रमाणावरून हरितद्रव्याचा अंदाज काढला जातो. त्यात संवेदकापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला सुमारे नव्वद टक्के भाग हवेनेच विखुरलेला असतो. तो वजा करून उरलेल्या दहा टक्क्यांत समुद्र शोधायचा. विष पकडणं राहिलं बाजूला, हरितद्रव्य नीट पकडतानाच घाम फुटतो.

मग लाल कुठून आला? आम्ही देतो. खुल्या समुद्रात हरितद्रव्य घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, किनाऱ्याजवळ ते दहाच्याही वर जातं. शंभरपटीचा हा फरक डोळ्याला दिसावा म्हणून कमी तिथे जांभळा-निळा आणि जास्त तिथे लाल, असे रंग भरायचा रिवाज आहे. उद्या कुणी उलट रंग भरले तर किनारा निळा आणि खोल समुद्र लाल दिसेल. मग काय, विष एका रात्रीत खोल पाण्यात गेलं म्हणायचं?

लाल म्हणजे प्लवक जास्त, म्हणजे माशांच्या ताटात जास्त वाढलेलं. पेरूचा किनारा याच नकाशांत लाल असतो, आणि एकाच जातीच्या माशाची जगातली सर्वांत मोठी मासेमारी तिथेच, अँकोव्हीची. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्याला खोलातलं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, तिथलं पाणी लाल रंगवलं जातं, आणि त्याच हंगामावर तिथली तारली पोसते. लाल विषारी असता तर केरळात एव्हाना माणूस शिल्लक नसता.

आणि सगळाच लाल हरितद्रव्याचा असतो असंही नाही. खंभातचं आखात बघा, जवळपास बाराही महिने लाल. तिथे नर्मदा, तापी, मही, साबरमती गाळ आणून टाकतात, भरती-ओहोटी तो ढवळत राहते, आणि गढूळ पाणी बघून आमचं गणित फसतं, मातीलाच हरितद्रव्य समजून बसतं. हा या पद्धतीतला जुना, माहीत असलेला दोष. फॉरवर्डवाल्याला टीकाच करायची होती तर इथे करायची होती.

हा 'जुलैचा फोटो' तर कोकणासमोर एकही भोक नसलेला आहे. जुलैत. कोकणासमोर. हे संवेदक ढगातून पाहू शकत नाहीत. जुलैतल्या एखाद्या दिवसाचा खरा नकाशा काढला तर आपल्याकडचा बहुतेक भाग रिकामा येतो. म्हणजे नकाशा एक तर दुसऱ्या महिन्याचा आहे किंवा अनेक वर्षांची सरासरी आहे.

अणुभट्टीचं पटकन उरकते. पाणी चमकतं ते नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवामुळे. धक्का बसला की तो उजळतो. लाट फुटते तिथे चमकतं, पाय मारला की चमकतं, स्थिर पाणी काळंच राहतं. अणुभट्टीच्या कचऱ्याचा उजेड असता तर तो तुमच्या पायाची वाट बघत बसला नसता. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूला लोक हेच बघायला रात्री गर्दी करत होते.

आता इथे मला नाइलाजाने अर्धं पाऊल मागे यावं लागतं. नॉक्टिल्युका दिसायला सुंदर असला तरी बातमी चांगली नाही. हेल्गा दो रोझारियो गोमिश, जोआकिम गोएश आणि गोव्याचे प्रभू मातोंडकर यांच्या गटाचा २०१४ मधला 'नेचर कम्युनिकेशन्स'मधला शोधनिबंध वाचा. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात पूर्वी डायटम नावाच्या प्लवकांचं राज्य असायचं. ते या शतकात हिरव्या नॉक्टिल्युकाने बळकावलं, आणि या गटाने त्याचा संबंध कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. या जिवाच्या पोटात हिरवे पाहुणे, म्हणजे सूक्ष्म शैवाल, राहतात, ते त्याला अन्न बनवून देतात. वरून तो डायटमही गिळतो. त्याला खाणारे कोण, तर सॅल्प नावाचे पारदर्शक, लिबलिबीत जीव आणि जेलीफिश, बांगडा-सुरमईच्या कामाचे नाहीत. तेव्हा धोका आहे. फक्त तो ताटातल्या बांगड्यात विष असण्याचा नाही, पुढे ताटात बांगडा नसण्याचा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या रॉक्सी कोल यांच्या गटाने तर २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटले. म्हणजे काळजी लाल कमी होण्याची करायला हवी.

आणखी एक कबुली. प्लवकांच्या काही जाती खरंच विष बनवतात, आणि पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत ते साठतं. केरळात विळिंजमला १९९७ मध्ये शिंपले खाऊन माणसं दगावली आहेत. पण ते विष पाण्याच्या रंगावरून कळत नाही, शिंपले प्रयोगशाळेत तपासावे लागतात.

राहिला 'मासे दिसतात आणि विकतात'चा मुद्दा. मासे दिसत नाहीत. स्वच्छ पाण्यात वरच्या काही दहा मीटरचा रंग कळतो, गढूळ किनाऱ्याला मीटरभरसुद्धा नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था हरितद्रव्य आणि पाण्याचं तापमान एकत्र ठेवते, दोन्ही जिथे अचानक बदलतात ती सीमा शोधते आणि सांगते : या बंदरापासून अमुक दिशेला, इतके किलोमीटर, इतक्या खोलीवर मासळी मिळण्याची शक्यता. मराठीतही सांगते, फुकट सांगते. १९९९ पासून आपले ओशनसॅट उपग्रह या कामाला आहेत, २०२२ च्या नोव्हेंबरात तिसरा वर गेला. हां, पन्नास किलोमीटरवरची जागा फुकट कळली तरी तिथवर जायला डिझेल आणि मोठी नौका लागते, लहान होडीवाल्याला तिचा उपयोग कमीच. ही तक्रार खरी आहे. पण ती विकण्याची तक्रार नव्हे.

यातलं निम्मं मी आईला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तो लाल रंग तुम्हीच भरता?" हो म्हटलं. "दुसरा भरा की मग."

शनिवारी तिने मावशीला खिडकीतून हाक मारली. सहा बांगडे घेतले. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मात्र घेतल्या नाहीत, आणि त्यावर मी काही बोलले नाही.