करंगळीपाशी दुखतंय? मग हात 'तयार' होत नाहीये

आमच्या कराटे क्लासच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या पावसाळ्यात एकच मेसेज तीनदा आला, तिन्ही वेळा वेगळ्या पालकांकडून. 'कराटेचं खरं रहस्य' असं त्याचं नाव. सार असं: पंच मारल्यावर हात दुखलाच पाहिजे, कारण दुखणं म्हणजे हाड पक्कं होणं. कराटे जिथे जन्मलं त्या जपानमधल्या ओकिनावाचे जुने गुरू दगडावर मारायचे, तुम्ही रोज भिंतीवर १०० पंच मारा. लहान वयातच सुरू करा, हाडं कोवळी असतात. ग्लोव्ह्ज कमजोरांसाठी. सूज आली तर गरम तेलाने मालिश करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. आणि हवेतल्या पंचाने कुणाला काही होत नाही.

मी १९ वर्षं शिकवतेय. तिसऱ्या वेळी त्या मेसेजखाली अंगठ्यांची रांग लागलेली पाहिली आणि हे लिहायला घेतलं.

"दुखलं म्हणजे हाड पक्कं होतंय"

यात सत्याचा एक कण आहे, तो आधी मान्य करते. हाडावर जसा भार पडतो तसं ते घडत जातं. ज्युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच हे मांडलं होतं. टेनिसपटूचा खेळता हात दुसऱ्या हातापेक्षा जाड हाडाचा असतो तो त्यामुळेच. पण हे काम महिनोन्‌महिने चालतं, आणि मधल्या विश्रांतीत होतं. रोज त्याच जागी घाव घातले तर डागडुजीला उसंतच मिळत नाही, आणि बारीक चीर पडते. शिवाय नकलच्या, म्हणजे मूठ आवळल्यावर बोटांच्या मुळाशी वर येणाऱ्या उंचवट्याच्या, सांध्यातली कूर्चा हाडासारखी भरून येत नाही. चार महिन्यांत जे 'लोखंड' झाल्यासारखं वाटतं, ते बहुतेक वेळा वरच्या कातडीला पडलेले घट्टे असतात.

मेसेज लिहिणाऱ्याला एक प्रश्न सुचलेलाच नाही: कुठे दुखतंय? मी मुलांना 'दुखतंय का' असं विचारत नाही, 'बोट ठेवून दाखव' म्हणते. पंच लागायला हवा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकलवर. याला जपानी परंपरेचा मान म्हणून नव्हे, हाताच्या रचनेचं कारण आहे. आत्ता मूठ सैल धरा, मग करकचून आवळा आणि हाताच्या पाठीकडे पाहा. करंगळीची नकल खाली सरकते, तर्जनीची जागची हलत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाची तळहातातली हाडं मनगटाशी जवळजवळ पक्की बसलेली असतात, अनामिका आणि करंगळीची हलती. पक्क्या खांबावर भार टाकायचा की हलत्या?

म्हणून करंगळीपाशी दुखत असेल तर हात 'तयार' होत नाहीये. बहुधा कोपर बाहेर फाकतंय, ठोसा सरळ न जाता वळसा घेतोय आणि चुकीची बाजू आधी लागतेय. करंगळीच्या हाडाचा नकलखालचा भाग असा मोडतो की डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर'च म्हणतात. मनगटाच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर लागताक्षणी मनगट खाली दुमडतंय. अंगठा दुखत असेल तर तो बोटांच्या आत कोंबलाय किंवा बाजूला बाहेर राहिलाय. त्याची जागा बोटांवरून खाली, मधल्या बोटापर्यंत. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर खांदा कानाकडे चढतोय. दुखणं ही बक्षिसाची पावती नाही, ती चुकीचा पत्ता सांगते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. अठराव्या वर्षी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर मी रोज पंच मारायचे. एक दिवस मूठ आवळली तर चारऐवजी तीनच नकल दिसल्या. त्या वेळचे माझे सर म्हणाले, "बसेल जागेवर." बसली नाही. आजही माझ्या उजव्या मुठीत करंगळीची नकल खोल आहे, आणि नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी ती दाखवते.

"ओकिनावाचे गुरू दगडावर मारायचे"

काही मारत असतीलही. पण ओकिनावाचं ओळखीचं साधन म्हणजे माकिवारा, आणि भिंत म्हणजे माकिवारा नव्हे. जमिनीत पुरलेली, वर निमुळती होत जाणारी लाकडी फळी आणि छातीच्या उंचीवर गुंडाळलेली भाताच्या काडाची दोरी. तिची करामत कडकपणात नाही, लवण्यात आहे. ठोसा लागला की फळी मागे झुकते आणि परत येते. आरसीसीचा कॉलम झुकत नाही, त्यामुळे सगळा धक्का तुमच्या हाताकडे परततो.

१०० चा आकडा बहुधा ओकिनावाचे कराटे-गुरू इतोसू आंको यांच्या १९०८ च्या पत्रातून फिरत फिरत आला असावा. शाळांत कराटे शिकवण्याबद्दल त्यांनी दहा मुद्दे लिहिले होते. एका मुद्द्यात दोन्ही हातांनी शंभर-दोनशे वेळा माकिवारावर सराव करा असं आहे खरं, पण त्याच मुद्द्यात खांदे खाली, छाती खुली, पायांनी जमीन घट्ट धरून, असंही आहे. आणि पुढे इशारा आहे की जोराचा अतिरेक केला तर चेहरा-डोळे लाल होतात, शरीराला अपाय होतो. मेसेजात आकडा तेवढा राहिला, बाकीचं गळालं.

"लहान वयात सुरू करा"

याचा मला खरा राग आला. कोवळं हाड वळतं, बरोबर. इथे ते वळू द्यायचं नसतं. तर्जनीपासून करंगळीपर्यंत तळहातातल्या चारही हाडांची लांबी वाढते ती नकलच्या टोकाशी; अंगठ्याची मात्र मनगटाकडच्या टोकाशी. म्हणजे मूल भिंतीवर मारतं तेव्हा घाव नेमका वाढीच्या पट्टीशेजारी बसतो. ही पट्टी साधारण मुलींत १४ ते १६ आणि मुलांत १६ ते १८ या वयात भरून येते. तोवर भिंत नाही आणि फरशीवर नकल टेकून पुशअप्सही नाहीत. माझ्या क्लासात हा नियम आहे आणि त्यापायी दोन विद्यार्थी सोडून गेले. जाऊ देत.

"हवेतल्या पंचाने काही होत नाही"

कराटेच्या ड्रेसची बाही 'फट्‌' वाजली की मुलांना वाटतं पंच जमला. मग त्या आवाजासाठी हात शेवटपर्यंत झटकला जातो आणि कोपराचं हाड मागच्या खाचेत आपटतं. समोर अडवायला काही नसल्याने सगळा वेग कोपरच झेलतं. ग्रेडिंगच्या, म्हणजे बेल्टच्या परीक्षेच्या, महिन्यात कोपरामागे हात धरून बसणारी निम्मी मुलं याच आवाजाची शिकार असतात. कोपर पूर्ण सरळ होण्याच्या जरा आधी स्नायूंनी ब्रेक लावायचा. आवाज कमी येईल. येऊ दे.

ग्लोव्ह्ज आणि मालिश

जागतिक स्पर्धांच्या कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, तोक्योच्या ऑलिंपिकमध्येसुद्धा, हातात ग्लोव्ह्ज घालणं सक्तीचं होतं. त्या खेळाडूंना कमजोर कोण म्हणेल ते म्हणो.

मालिश मात्र नकोच. ताज्या सुजेवर गरम तेल चोळलं की सूज वाढते, आणि आत मोडलं असेल तर तुकडा आणखी सरकतो. कापडात गुंडाळलेला बर्फ, हात वर, आणि सराव बंद. बोट वळवताना शेजारच्या बोटावर चढत असेल, नकल आत गेली असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी खोलगट भागात दाबल्यावर कळ येत असेल तर त्याच दिवशी एक्स-रे. तिथलं छोटं हाड पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, म्हणून दुखणं टिकलं तर पुन्हा जायचं. नकलवर समोरच्याचा दात लागून खरचटलं असेल तर जखम कितीही बारीक असो, डॉक्टरकडे जा. तोंडातले जंतू थेट सांध्यात शिरतात.

मेसेज पहिल्यांदा टाकणाऱ्या बाबांचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला मी भिंतीऐवजी वर्तमानपत्राचं पान दिलंय, दोरीला चिमट्याने लटकवलेलं. ठोसा वाकडा गेला तर पान नुसतं झुलतं, सरळ आणि वेगात गेला तर फाटतं. पहिले पंधरा दिवस ते झुलतच राहिलं. गेल्या गुरुवारी क्रीडा पान मधोमध फाटलं, आणि ते घडी करून तो घरी घेऊन गेला.